लांब चोचीचा पाहुणा : गॉडविट ओळखूया, समजून घेऊया



प्राथमिक वर्गात पक्ष्यांच्या चोची शिकवताना आपण ठरलेली उदाहरणं घेतो. पोपटाची बाकदार चोच, घारीची आकड्यासारखी, बदकाची चपटी, सुतार पक्ष्याची टोकदार. मुलं जोड्या लावतात, पैकीच्या पैकी गुण मिळवतात आणि पाठ संपतो. आज आपण असा पक्षी घेणार आहोत, ज्याची चोच नीट पाहिली की तो राहतो कुठे, खातो काय, किती वाजता जेवतो आणि त्याच्यावर संकट कोणतं, हे सगळं एकेक करून उलगडत जातं.

आमची मुलं आरे कॉलनीतली. भारद्वाज, खंड्या, बुलबुल, टिटवी हे पक्षी त्यांना आवाजावरून कळतात. हिवाळ्यात शेपटी वरखाली करणारा धोबी दिसला की "पाहुणे आले" हेही ती सांगतात. पण आरेपासून पूर्वेला, पवई ओलांडून भांडुपच्या खाडीपर्यंत गेलं, तर जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर पक्ष्यांचं एक वेगळंच जग आहे. तिथला आपला पाहुणा म्हणजे काळ्या शेपटीचा गॉडविट. मराठीत याला काळ्या शेपटीचा पाणटिवळा असंही म्हणतात. पक्षी पाहणाऱ्यांच्या तोंडी मात्र गॉडविट हेच नाव बसलेलं आहे, म्हणून आपणही तेच वापरू.

गॉडविट ओळखण्याच्या पाच खुणा

ऑगस्ट-सप्टेंबरपासून हे पक्षी ठाणे खाडीत यायला लागतात आणि एप्रिल-मेपर्यंत बहुतेक सगळे परत जातात. ओहोटीच्या वेळी चिखलात थव्याने उभे असतात. पुढच्या पाच खुणा क्रमाने तपासा.

१) चोच : लांब आणि जवळजवळ सरळ. लांबी साधारण ८ ते १२ सेंटिमीटर. थंडीत बुडाशी गुलाबी आणि टोकाकडे काळपट.

२) पाय : लांब आणि काळपट. पोटापर्यंतच्या पाण्यातही तो आरामात उभा राहतो.

३) अंगाचा रंग : आपल्याकडे असताना साधा, मातकट राखाडी. मार्च-एप्रिलमध्ये मात्र काहींच्या मानेवर आणि छातीवर विटकरी रंग चढायला लागतो. तो विणीच्या हंगामाचा पोशाख.

४) उडतानाची खूण : पंखांवर रुंद पांढरा पट्टा, शेपटीच्या बुडाशी पांढरा रंग आणि टोकाला काळा पट्टा. बसलेला गॉडविट अगदी साधा दिसतो, पण उडाला की हे काळं-पांढरं नक्षीकाम एकदम उघडं पडतं. नावातली 'काळी शेपटी' ती हीच.

५) खाण्याची पद्धत : चोच चिखलात सरळ खाली खुपसतो. कधी कधी तर डोळ्यांपर्यंत डोकं आत जातं. शिवणयंत्राची सुई वरखाली होते, तसं हे काम चालू असतं.

आता थोडं गणित. गॉडविटची चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी सुमारे ४० सेंटिमीटर भरते. चोच १० सेंटिमीटर धरली, तर ती एकूण लांबीचा चौथा हिस्सा झाली. मुलांना विचारा, "तुझी उंची १२० सेंटिमीटर आहे. तुझं नाक उंचीच्या चौथ्या हिस्स्याएवढं असतं तर?" तीस सेंटिमीटरची पट्टी नाकाला लावून वर्ग हसत सुटतो, आणि अपूर्णांकही पक्का होतो.

याच्यासारखे दिसणारे कोण?

खाडीवर लांब चोचीचे पक्षी बरेच असतात. खरी परीक्षा इथे आहे.

कर्ल्यू : गॉडविटपेक्षा मोठा, तपकिरी, अंगावर रेघा. चोच खूप लांब आणि कोयत्यासारखी खाली वळलेली. चोच खाली वळली असेल तर तो गॉडविट नाही, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

व्हिंब्रेल : कर्ल्यूचा धाकटा भाऊ म्हणा. चोच खाली वळलेली, पण तुलनेने आखूड. डोक्यावर गडद-फिकट पट्टे.

पट्टेरी शेपटीचा गॉडविट : सख्खा चुलतभाऊ. चोच किंचित वर वळलेली, पाय जरा आखूड, शेपटीवर आडवे पट्टे. उडताना पंखांवर पांढरा पट्टा दिसत नाही.

शेकाट्या : काळा-पांढरा, चोच सुईसारखी बारीक आणि पाय लालसर गुलाबी, काठ्यांसारखे. पाय गुलाबी दिसले की पुढे शंका नको.

पाणलावा : चोच सरळ आणि लांब, पण पाय आखूड आणि अंग पाचोळ्याच्या रंगाचं. उघड्या चिखलात थव्याने उभा राहण्यापेक्षा ओल्या गवतात दबून बसतो.

म्हणजे पाहण्याचा क्रम असा : आधी चोच सरळ की वळलेली, मग पायांचा रंग, मग उडताना पंख आणि शेपटी. रंगावर पहिल्यांदा जायचं नाही, कारण हिवाळ्यात निम्मे पक्षी राखाडी-तपकिरीच दिसतात.

डोळ्यांनी न पाहता शिकार

चिखलात चोच घातल्यावर गॉडविटला आतलं दिसत नाही. मग त्याला किडा सापडतो कसा? चोचीच्या टोकाशी बारीक बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब व कंप ओळखणारे चेतातंतू असतात. आपण अंधारात बोटांनी चाचपून वस्तू ओळखतो ना, तसंच. आपली बोटं ती त्याची चोच.

दुसरी गंमत त्याहून मोठी आहे. चिखलात रुतलेली संपूर्ण चोच उघडायची तर केवढा जोर लागेल! म्हणून गॉडविट पूर्ण चोच उघडतच नाही. वरच्या चोचीचं फक्त टोक वर उचलतो, किडा पकडतो आणि ओढून काढतो. चिमट्याचं फक्त टोक उघडावं तसं. शिंपल्यातले लहान जीव, चिखलातले किडे, अळ्या हे त्याचं जेवण. भाताच्या शेतात उतरला तर सांडलेले दाणेही खातो.

मादीची चोच नरापेक्षा लांब असते. त्यामुळे एकाच चिखलात मादी थोडं खोलवरचं टिपू शकते. आखूड चोचीचे छोटे पक्षी वरवरचं खातात, मधल्या चोचीचे मधलं, गॉडविट आणि कर्ल्यू खालचं. एकाच ताटात वेगवेगळ्या थरांचं जेवण वाढलेलं आहे, म्हणून हजारो पक्षी एकाच खाडीवर पोट भरू शकतात.

करून पाहूया : एका घमेल्यात ओली माती घ्या. त्यात राजम्याचे दाणे पुरा. काही १ सेंटिमीटरवर, काही ५ वर, काही १० वर. तीन गट करा. एका गटाला भुवया कोरायचा छोटा चिमटा द्या, दुसऱ्याला दोन पेन्सिली, तिसऱ्याला खराट्याच्या दोन लांब काड्या. डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि दोन मिनिटांत किती दाणे निघतात ते मोजायचं. मग मातीत थोडं पाणी कमी करून ती घट्ट करा आणि पुन्हा खेळा. दुसऱ्या फेरीत लांब काड्यांचा गट हमखास रडकुंडीला येतो. "काडी आतच जात नाही" हे मुलं स्वतःच्या तोंडाने म्हणतात, तेव्हा अर्धा पाठ शिकवून झालेला असतो.

मग गॉडविट आरेत का दिसत नाही?

उत्तर वरच्या प्रयोगातच आहे. आरे म्हणजे टेकड्या, झाडोरा, गवत आणि कडक जमीन. लांब, नाजूक टोकाची चोच इथे काय करणार? त्याला हवा लोण्यासारखा मऊ चिखल, आणि तोही मोकळा. मोकळा अशासाठी की शिकारी पक्षी लांबूनच दिसला पाहिजे.

इथे मुलांची एक समजूत तपासून घ्यायला हवी. आरेत राहणाऱ्या मुलांना झाडाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. पण त्यामुळे "झाड नाही ती जागा रिकामी" असंही वाटू लागतं. खाडीचा उघडा चिखल नकाशावर रिकामा दिसतो, वासामुळे लोक नाक मुरडतात, आणि "पडीक आहे, भर घालून टाका" असं म्हणणं सोपं जातं. प्रत्यक्षात तो चिखल म्हणजे भरलेलं कोठार आहे. कांदळवन जितकं गरजेचं, तितकाच त्याच्या पुढचा मोकळा चिखलही गरजेचा. बिबट्याचं रान वेगळं, गॉडविटचं रान वेगळं.

आणि आरेचा खाडीशी संबंध नाही असंही नाही बरं का. ओशिवरा नदी आरेच्या परिसरातून निघून मालाडच्या खाडीला मिळते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून मिठी नदी सुरू होते आणि माहीमच्या खाडीला जाते. पावसाळ्यात अशा नद्या-नाल्यांतून वाहून जाणारा गाळच खाड्यांच्या तोंडाशी साचतो. त्याच वाटेने प्लास्टिकही जातं. डोंगरावर टाकलेली पिशवी चिखलात चोच घालणाऱ्याच्या ताटात पोचते.

तिथी, भरती आणि पक्ष्याची जेवणाची वेळ

गॉडविटचं घड्याळ सूर्यावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा जेवण, भरतीला पाणी चढलं की उंच, सुरक्षित जागी थव्याने विश्रांती. म्हणून पक्षी बघायला कधीही गेलं आणि दिसले, असं होत नाही.

आपल्या किनाऱ्यावर यासाठी एक जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ येते. उदाहरणार्थ,

अष्टमी : ८ × ३/४ = ६, म्हणजे भरती सुमारे ६ वाजता.

त्रयोदशी : १३ × ३/४ = ९ पूर्णांक ३/४, म्हणजे सुमारे पावणेदहा वाजता.

भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, खाडीच्या आतल्या भागात भरती थोडी उशिरा पोचते, त्यामुळे जाण्याआधी छापील वेळापत्रक पाहायचंच. पक्षी बघायला सगळ्यात चांगली वेळ म्हणजे भरतीच्या आधीचे दोन तास. पाणी चढत जातं तसे पक्षी किनाऱ्याकडे सरकतात. म्हणजे त्रयोदशीला सकाळी पावणेआठला तयार राहायला हवं. घरातली दिनदर्शिका आणा, येत्या महिन्यातल्या पाच तिथी निवडा आणि मुलांना वेळा काढायला सांगा. अपूर्णांकांचा गुणाकार इतक्या आनंदाने एरवी होत नाही.

एवढ्या लांबून कशासाठी?

आपल्याकडे येणारे गॉडविट उत्तरेकडून, मध्य आशिया आणि सायबेरियाच्या बाजूच्या ओल्या गवताळ प्रदेशांतून येतात. उन्हाळ्यात तिथे दिवस मोठे, किडे भरपूर, पिल्लं वाढवायला सोयीचं. थंडीत तीच जमीन गोठते. गोठलेल्या मातीत चोच घालणार कशी? म्हणून दक्षिणेकडे यायचं. म्हणजे स्थलांतराचं कारणही पुन्हा चोचीपाशीच येऊन थांबतं.

यांची उडण्याची ताकद थक्क करणारी असते. युरोपातल्या काळ्या शेपटीच्या गॉडविटवर यंत्रं बसवून अभ्यास झाला, तेव्हा ते ६ हजार मीटरच्या जवळपास उंचीवरून उडताना नोंदले गेले. कळसूबाई शिखर १,६४६ मीटर आहे, यावरून अंदाज करा. पट्टेरी शेपटीच्या गॉडविटचा विक्रम तर जगप्रसिद्ध आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अवघ्या पाच महिन्यांचा एक पक्षी अलास्काहून निघाला आणि ११ दिवस कुठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पोचला. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तो एकोणीस वेळा संपवूनही हे अंतर पुरं होत नाही.

एवढ्या प्रवासाचं इंधन म्हणजे अंगावरची चरबी. ती मिळते आपल्यासारख्या खाडीच्या चिखलातून. मार्च-एप्रिलमध्ये पोट नीट भरलं नाही, तर नुकसान इथे दिसत नाही. ते हजारो किलोमीटरवर, घरट्याच्या जागी दिसतं.

दूध, गवत आणि गॉडविट

आरे कॉलनीची ओळख दुधाची. १९४९ साली ही वसाहत उभी राहिली, गोठे आले, गवताची शेतं आली. गवत कधी कापायचं, हे इथल्या गोठ्यांत काम करणाऱ्यांना पक्कं माहीत असतं. याच प्रश्नावर जगाच्या दुसऱ्या टोकाला गॉडविटचं भवितव्य अडकलं आहे.

नेदरलँड्स हा दुधासाठी प्रसिद्ध देश. तिथल्या ओल्या कुरणांत काळ्या शेपटीचा गॉडविट जमिनीवरच घरटं करतो आणि बहुधा चार अंडी घालतो. तिथे त्याला 'ग्रुटो' म्हणतात, त्याच्या ओरडण्यावरून पडलेलं नाव. २०१५ मध्ये त्या देशाने त्याला राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडलं. पण जास्त दुधासाठी कुरणांतलं पाणी काढून टाकलं गेलं, खत वाढलं, गवत लवकर वाढू लागलं आणि लवकर कापलं जाऊ लागलं. यंत्र येतं तेव्हा पिल्लांना उडता येत नसतं. वाचली तरी कापलेल्या रानात लपायला जागा नाही आणि खायला किडे नाहीत. काही दशकांपूर्वी तिथे लाखाहून जास्त जोड्या होत्या, आता त्याच्या निम्म्याही उरलेल्या नाहीत. आता काही शेतकरी पिल्लं मोठी होईपर्यंत कापणी पुढे ढकलतात आणि त्यांना त्याचा मोबदला मिळतो.

तिथले पक्षी आपल्याकडे येत नाहीत, ते पश्चिम आफ्रिकेच्या बाजूला जातात. पण जात तीच आणि धडा तोच. जगाचा विचार करता हा पक्षी आज 'निअर थ्रेटन्ड' म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर असलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. मुंबईत थवा मोठा दिसतो म्हणून तो सुखरूप आहे, असं समजायचं नाही.

नाव नीट कळण्याला एवढं महत्त्व का?

मुलं विचारतात, "सर, कर्ल्यू म्हटलं काय आणि गॉडविट म्हटलं काय, काय फरक पडतो?" याचं उत्तर एका हरवलेल्या पक्ष्याच्या गोष्टीत आहे.

बारीक चोचीचा कर्ल्यू नावाचा एक पक्षी होता. सायबेरियात वीण, आणि थंडीत भूमध्य समुद्राच्या आसपास मुक्काम. दिसायला साधारण कर्ल्यू आणि व्हिंब्रेल यांच्यासारखाच. त्याची घरटी फक्त एका भागात, सायबेरियातल्या तारा गावाजवळ, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडली. पुढे शिकार झाली, पाणथळ जागा गेल्या, संख्या घटत गेली. पण थव्यातल्या सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांत तो एकेक करून कमी होतोय, हे वेळेवर लक्षात आलं नाही. त्याचं शेवटचं निर्विवाद दर्शन फेब्रुवारी १९९५ मध्ये मोरोक्कोत झालं. लोक नंतर वर्षानुवर्षं शोधत राहिले. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये आययूसीएन या संस्थेने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

वर्गाच्या हजेरीचं उदाहरण घ्या. सगळ्यांना "मुलगा, मुलगा" म्हणून मोजलं, तर रोज कोण गैरहजर आहे ते कळेल का? नाव घेऊन हजेरी घेतली तरच रिकामी जागा दिसते. पक्ष्यांचंही तसंच. "चिखलात पुष्कळ पक्षी होते" ही हजेरी नव्हे. "१४० गॉडविट, ६ कर्ल्यू, ३० शेकाटे" ही हजेरी. दर वर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, ती भारतात १९८७ पासून चालू आहे. कुठला पक्षी घटतोय आणि कुठली जागा जपायला हवी, हे अशा नोंदींवरून ठरतं. ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नाव फ्लेमिंगोचं असलं, तरी त्या छत्राखाली आपला गॉडविटही जगतो.

शाळेत काय करता येईल?

आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. तेव्हा गॉडविटही खाडीत असतो, म्हणून हा पाठ त्याच आठवड्यात घ्यावा. खाडीवर मुलांना नेणार असाल तर पालकांची संमती घ्या, त्या जागेसाठी परवानगी लागते का ते आधी विचारा, आणि चिखलात कुणालाही उतरू देऊ नका. थवा उडवण्यासाठी दगड किंवा आरोळी अजिबात नाही. एकदा उडवलेल्या थव्याचं किती इंधन जळतं, ते आता मुलांना माहीत आहे. एखाद्याच्या पायात रंगीत कडं किंवा छोटी पट्टी दिसली तर रंग आणि अक्षरं वहीत लिहा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्था अशा खुणांवरून प्रवास शोधतात.

स्वाध्याय

१) गॉडविट आणि कर्ल्यू यांच्या चोचीतला मुख्य फरक कोणता? चित्र काढून दाखवा.

२) घट्ट मातीत गॉडविट का जगू शकत नाही? प्रयोगाच्या आधारे सांगा.

३) दशमीला भरती साधारण किती वाजता येईल? ओहोटी किती वाजता?

४) तुमच्या घराजवळचा नाला शेवटी कुठे जातो? मोठ्या माणसांना विचारून नकाशा काढा.

५) सात दिवस शाळेच्या आवारातल्या पक्ष्यांची नाव घेऊन हजेरी लिहा. कोण रोज आला? कोण एकदाच दिसला? कोण अजून आलाच नाही?

पाचव्या प्रश्नाची वही वर्षभर जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला तीच वही द्या आणि त्यांच्या नोंदी शेजारी लिहायला सांगा. दोन वर्षांच्या हजेऱ्या शेजारी शेजारी आल्या, की फरक मुलंच शोधून काढतात.